नागपूरच्या उन्हात वाइनची द्राक्षं: साखर चढते, पण घड पिकतो का?

प्रश्न थोडक्यात असा: कळमेश्वर तालुक्यात २० गुंठे बाग. वाइनच्या जाती लावून तीन वर्षं झाली. निम्मी शिराज, बाकी कॅबरने सोव्हिनॉन, शेनिन ब्लां आणि दोन ओळी सोव्हिनॉन ब्लां. सगळं डॉगरिज खुंटावर (म्हणजे ज्या मुळांवर जातीचं कलम करतात तो वेल), ८ बाय ४ फुटांवर, वाय आकाराचा मांडव, ठिबक. गोडी छाटणी, म्हणजे घडासाठीची छाटणी, ऑक्टोबरच्या अखेरीस, सगळ्या जातींची एकदमच. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शिराजचा ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा, २४ लागला, पण एकाच घडात काळे, तांबूस आणि हिरवे मणी. रसाचा पीएच ३.९ (आम्ल उतरलं की हा आकडा चढतो). घेणाऱ्याने तो आकडा पाहूनच माल नाकारला. कॅबरने तेव्हाही कच्चं होतं आणि उन्हाने सुकायला लागलं होतं. विचारलंय की खत कमी पडलं का, जात चुकली का, तोडणी लवकर करायला हवी होती का, आणि नागपुरात हे होण्यासारखं आहे का.

ताई, खत कमी पडलेलं नाही, उलट पालाश (पोटॅशियम) जास्त झालाय असं मला वाटतं. त्यावर पुढे येतो. जातही सगळी चुकलेली नाही. मुख्य दुखणं एकच आहे: तुमचा घड चुकीच्या महिन्यात पिकतोय. ऑक्टोबरअखेर छाटणी म्हणजे मण्यात पाणी उतरायला, म्हणजे मणी मऊ पडून रंग धरायला, जानेवारीचा शेवट उजाडतो. तिथून पिकायला पाच-सहा आठवडे. म्हणजे जो काळ थंडीत जायला हवा तो फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात जातो. नागपुरात जानेवारीचं दुपारचं तापमान सरासरी २८-२९ अंश आणि रात्रीचं १२-१३ असतं. फेब्रुवारीत दुपार ३२ वर जाते, मार्चमध्ये ३६-३७ वर, आणि रात्रीही उबदार होतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, आपण त्याच्या निम्म्यावर, ३१० मीटरच्या आसपास. नाशिकचं वेळापत्रक उचलून इथे लावलं की असंच होतं. तुम्हाला रोपं देणाऱ्याने तेच लिहून दिलं असणार.

पिकणं म्हणजे फक्त साखर चढणं नाही. मण्यात त्या काळात चार गोष्टी चालू असतात: साखर भरते, आम्ल उतरतं, सालीत रंग येतो, आणि साल-बियांतला हिरवट तुरटपणा जाऊन वास तयार होतो. या चारही घोड्यांचा वेग तापमानाप्रमाणे वेगवेगळा बदलतो. द्राक्षात मुख्यत्वे दोन आम्लं असतात, टार्टारिक आणि मॅलिक. मॅलिक आम्ल मणी श्वसनात जाळतो आणि ऊन वाढलं की हे जळणं भराभर होतं. रात्री गार असतील तर ते रात्री तरी थांबतं, आपल्याकडे फेब्रुवारीअखेर तेही थांबत नाही. रंगाचं उलटं आहे: घडाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की सालीत रंगद्रव्य तयार होणं मंदावतं, आणि आधी तयार झालेलंही थोडं विरतं. उन्हात टांगलेल्या काळ्या घडाचं तापमान हवेपेक्षा बरंच जास्त असतं हेही धरा. साखर मात्र चढत राहते, निदान मीटरवर तरी. म्हणून २४ ब्रिक्स, ३.९ पीएच आणि तांबूस मणी हे तिन्ही एकाच रसात दिसले. त्यात गूढ काही नाही.

पीएच ३.९ ला माल का नाकारला तेही सांगतो, कारण अशा वेळी शेतकऱ्याला वाटतं भाव पाडायचा बहाणा आहे. वाइन टिकवायला गंधकाचा वायू थोड्या प्रमाणात वापरतात, आणि त्याचा जोर पीएचवर अवलंबून असतो. ३.५ ला जेवढ्या मात्रेत काम होतं, त्याच कामाला ३.९ ला साधारण अडीचपट लागतो. शिवाय रंग विटकरी होतो, जिवाणूंना रान मोकळं मिळतं. टार्टारिक आम्ल घालून पीएच खाली आणता येतो, पण पालाश जास्त असलेल्या रसात घातलेलं आम्ल क्षार होऊन तळाशी बसतं आणि पीएच हट्टाने वरच राहतो. लाल जातीला तोडणीच्या वेळी ३.४ ते ३.६ आणि पांढऱ्याला ३.२ ते ३.४ मिळालं तर समोरचा माणूस तक्रार करत नाही.

आता मीटरवरच्या साखरेबद्दल, कारण इथेच बहुतेक जण फसतात. मार्चमध्ये वाढलेली सगळी साखर वेलाने भरलेली नसते, मणी सुकल्यामुळेही ब्रिक्स वाढतो. हे ओळखायला किराणा दुकानातला साधा डिजिटल काटा पुरतो. दर आठवड्याला १०० मणी तोडायचे, त्यांचं वजन करायचं, मग रस काढून ब्रिक्स पाहायचा आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. समजा या आठवड्यात १०० मण्यांचं वजन १४० ग्रॅम आणि ब्रिक्स २० आहे, म्हणजे अंदाजे २८ ग्रॅम साखर. पुढच्या आठवड्यात ब्रिक्स २२.४ झाला म्हणून तुम्ही खूश, पण वजन १२५ ग्रॅमवर आलंय. गुणाकार करा: पुन्हा २८ ग्रॅमच. आठवडाभरात वेलाने मण्यात साखरेचा कणही टाकला नाही, नुसतं पाणी उडालं. हा आकडा दोन आठवडे जागचा हलला नाही की वेलाकडून येणारी आवक संपली समजायचं. त्यानंतर वाट पाहून फायदा एकच, बिया आणि साल थोडी मऊ होण्याचा, आणि आपल्या उन्हात तो फायदा आम्लाच्या नुकसानीपुढे टिकत नाही. शिराजला तर शेवटी सुरकुतण्याची खोडच असते.

मणी तोडतानाही शिस्त हवी. ओळीच्या टोकाचे वेल सोडायचे. दोन्ही बाजूंनी घ्यायचे, घडाच्या खांद्यावरून, मधून आणि बुडातून. डोळा आपोआप काळ्या मण्याकडे जातो, म्हणून घडाकडे न बघता हात घालायचा. सकाळी, ऊन चढायच्या आत. आणि ब्रिक्स मोजायचा मीटर, रिफ्रॅक्टोमीटर, २० अंशांवर जुळवलेला असतो. तापमान आपोआप धरणारा नसेल तर ३५ अंशांच्या दुपारी तो खऱ्यापेक्षा जवळपास १ ब्रिक्स कमी दाखवतो. म्हणजे तुमचा २४ दुपारचा असेल तर तो २५ असण्याची शक्यता आहे! मीटरइतकाच विश्वास तोंडावर ठेवा. मणी चावा, गर गिळा, साल दाढेखाली धरा. बी थुंकून बघा: हिरवी, चिकट असेल तर घड कच्चा. तपकिरी झाली आणि दाताखाली कडकन फुटली, भाजल्या दाण्यासारखी लागली, तर झालं. देठातून मणी सहज सुटतो का तेही पाहायचं.

तर छाटणीची तारीख. नागपूर जिल्ह्यात तोडणीची खिडकी मी जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या २० तारखेपर्यंत धरतो. त्यापुढे ऊन तर आहेच, पण गारपिटीची भीती जास्त. बंगालच्या उपसागरावरून येणारा दमटपणा आणि उत्तरेकडून येणारी थंड कोरडी हवा विदर्भावर भिडते ती नेमकी फेब्रुवारी-मार्चमध्ये. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट इथल्या गहू-हरभऱ्याच्या आणि संत्र्याच्या माणसांना सांगायला नको. संत्र्याचं झाड त्यातून उठतं, पिकलेला द्राक्षाचा घड उठत नाही, दोन दिवसांत कुजतो.

तोडणी ठरली की मागे मोजत जायचं. छाटणीपासून तोडणीपर्यंत सोव्हिनॉन ब्लांला साधारण १२० ते १२५ दिवस, शेनिन आणि शिराजला १३५ च्या आसपास, कॅबरनेला १५० च्या पुढे. डिसेंबरच्या कडक थंडीत वेल आळसावतो म्हणून आठवडाभर जास्त धरा. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपुरात पारा ३.५ वर आला होता, अशा आठवड्यात मण्याची फुगवण जवळपास थांबते. या हिशेबाने शिराज आणि शेनिन सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात छाटायला हवी. सोव्हिनॉन ब्लां ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चालेल. कॅबरने मात्र सप्टेंबरच्या मध्यावर. म्हणजे उशिरा पिकणारी आधी आणि लवकर पिकणारी शेवटी. सगळ्या जातींची कात्री एकाच दिवशी चालवली की मजूर वाचतो, बाकी काही वाचत नाही.

यात पाऊस आड येतो हे मला माहीत आहे. आपल्याकडचा मान्सून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात कुठेतरी निरोप घेतो, आणि सप्टेंबरात छाटलेला वेल नेमक्या परतीच्या पावसात कोवळी फूट काढतो. डाऊनी म्हणजे केवडा या बुरशीरोगाला याहून बरं काय हवं! म्हणून लवकर छाटणी ही फुकटची युक्ती नाही, फवारणीची तयारी असेल तरच करावी. फूट दोन-तीन पानांवर आल्यापासून घड फुलोऱ्यात जाईपर्यंत दर पावसाआड संरक्षण हवं. पाऊस यायच्या आधी संपर्कातलं बुरशीनाशक, पाऊस झाला की दोन दिवसांच्या आत आंतरप्रवाही (पानात शिरणारं), आणि औषधांचे गट आलटूनपालटून. पण केवडा औषधाने आवरतो, मार्चचं ऊन आवरायला औषध नाही. म्हणून मी पहिला त्रास पत्करतो. कॅबरनेबाबत मात्र सप्टेंबरच्या मध्याची छाटणी म्हणजे अर्धा पावसाळा अंगावर घेणं आहे, तिथे माझा हात आखडतो.

एकाच घडात तीन रंगांचे मणी येण्याची सुरुवातही छाटणीपाशीच होते. आपल्याकडे वेल थंड देशांसारखा पूर्ण झोपत नाही, त्यामुळे डोळे आपणहून एकदम फुटत नाहीत. शेंड्याकडचा आधी, खालचा दहा दिवसांनी. जी फूट उशिरा आली तिचा घड शेवटपर्यंत मागेच राहतो. हे दोन फुटींमधल्या फरकाचं झालं, पण एका घडातल्या मण्यांमध्येही फुलोरा लांबल्याने तेच होतं. उपाय जुना आहे: छाटणीआधी पानगळ नीट करून घ्यायची, काडी एकसारख्या जाडीची ठेवायची, आणि छाटणीनंतर दोन दिवसांच्या आत डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट. मात्रा डब्यावर दिली आहे त्यापेक्षा वाढवू नका, उन्हाच्या दिवसांत कमी बाजूला राहा. हातमोजे घाला. आणि पेस्टच्या आदल्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस मजुरांनी आणि तुम्ही दारूचा थेंबही घेऊ नये. हे रसायन अंगात गेलं असताना दारू पोटात गेली तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, दवाखाना गाठावा लागतो. वाइनच्या बागेत हे सांगावं लागतं खरं.

उरलेला दोष ओझ्याचा. तुमच्या २० गुंठ्यांत ८ बाय ४ ने साधारण ६८० वेल बसतात. तुम्ही लिहिलंय की मांडव घडांनी लगडला होता. खायच्या द्राक्षात ते कौतुक आहे. वाइनच्या लाल जातीला या उन्हात वेलामागे ३ किलो मी पुरे म्हणतो. ६८० वेलांचे दोन टन होतात, एकरी चार टन. ओलांड्यावर, म्हणजे मांडवावरच्या वेलाच्या आडव्या हातावर, दर चार बोटांना... थोडं मोकळंच धरा, वीतभर अंतरात दोन फुटी, प्रत्येक फुटीवर एक घड, जोमदार असेल तर दोन, आणि घडाला निदान दहा-बारा धड पानं. वाळलेली, भुरी (पांढऱ्या पुडीसारखी बुरशी) लागलेली पानं मोजायची नाहीत. पाणी उतरत असताना अर्ध्याहून जास्त मण्यांना रंग आला की एकदा बागेतून फिरायचं आणि जे घड तेव्हाही हिरवेगार आहेत ते कापून खाली टाकायचे. जिवावर येतं, पण ते घड तुमच्या पीएचला आणि चवीला दोन्हीकडून मारतात. आणि खायच्या द्राक्षांचं जीएचं, म्हणजे मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक आम्लाचं, वेळापत्रक कुणी सांगितलं तर ऐकू नका. आपल्याला मणी लहानच हवा, सालीचं प्रमाण त्यात जास्त मिळतं.

पानं काढण्याबद्दल परदेशी व्हिडिओ बघून फसू नका. घडाभोवतीची पानं काढून ऊन आत घ्या, हे तिथल्या गार उन्हाला ठीक. आपण उत्तर-दक्षिण ओळींत फक्त पूर्वेकडची, घडाच्या पातळीवरची दोन-तीन पानं काढायची, तीही मणी ज्वारीएवढा असताना, म्हणजे साल उन्हाला सरावते. पश्चिमेच्या बाजूला हात लावायचा नाही. तिथला पानोळा म्हणजे आपल्या कुलरची वाळ्याची ताटी, दुपारी दोन ते पाच तीच घड वाचवते. बगलफुटी मात्र आतून काढा, वारा खेळायला हवा, नाहीतर डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत भुरी घडात शिरते. भुरीला गंधक चांगलं, पण तोडणीआधी महिना-सव्वा महिना ते बंद करायचं. सालीवर उरलेलं गंधक आंबवणीत सडक्या अंड्याचा वास देतं.

पाण्याचं थोडं नाजूक आहे. मणी धरल्यापासून पाणी उतरेपर्यंत लाल जातीला थोडं तोडून द्यायचं, शेंड्याची वाढ थांबेल एवढं. पाणी उतरल्यावर पुन्हा बेताचं पण नियमित. पिकताना पाणी बंद करा म्हणजे साखर वाढते, हा सल्ला तुम्हालाही मिळाला असेल. काय वाढतं ते वर काट्यावर पाहिलं. काळी जमीन वरून भेगाळली तरी दीड फुटावर ओल धरून असते, त्यामुळे भेग बघून मोटर चालू करू नका, फावड्याने खणून माती मुठीत दाबून पाहा.

आता पालाश. बहुतेक बागायतदार पाणी उतरताना गोडीसाठी ०:०:५० हे पालाशाचं खत सोडतात किंवा फवारतात, तुम्हीही तीन वेळा दिलंय. आपल्या बेसाल्टच्या काळ्या जमिनीत पालाश मुळातच भरपूर असतो, त्यात डॉगरिज हा खुंट तो हावरटासारखा ओढतो. मण्यातला पालाश वाढला की तो टार्टारिक आम्लाला धरून बसवतो आणि पीएच चढतो. तुमच्या ३.९ मध्ये उन्हाइतकाच याचा वाटा असणार. देठ परीक्षण केल्याशिवाय वाइनच्या बागेत पिकताना पालाश देऊ नये. फुलोऱ्याच्या वेळी घडासमोरच्या पानांचे देठ काढून तपासायला द्या. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून आहे, त्यांची प्रमाणं मराठीत सहज मिळतात. डॉगरिज वाईट खुंट नाही, क्षारात आणि दुष्काळात तोच तगतो, खायच्या द्राक्षांचा महाराष्ट्र त्याच्यावरच उभा आहे. पण वाइनसाठी नवी लागवड करताना ११० आर हा खुंट घ्या, आणि चुनखडीची जमीन असेल तर १४० रुग्गेरी. भारी काळ्या रानात लावूच नका. कळमेश्वर-काटोलकडे उताराची मुरमाड रानं आहेत, जिथे संत्र्याचं झाड पिवळं न पडता उभं राहतं, ती द्राक्षाला मानवतात.

जातींचं बोलू. शेनिन ब्लां ठेवा, वाढवा. उन्हातही तिचं आम्ल बऱ्यापैकी टिकतं, हीच तिची मोठी गोष्ट. घड दाट असतो, म्हणून अवकाळी पावसात आतून कुजतो, तेवढं सांभाळायचं. शिराज ठेवा, छाटणी पुढे ओढा. सोव्हिनॉन ब्लांच्या दोन ओळी छंद म्हणून ठेवा. तिचा हिरव्या मिरचीसारखा, पेरूसारखा वास उन्हात उडतो, म्हणून २०-२१ ब्रिक्सलाच, थंडी असतानाच तोडायची. टेंप्रानिलो लवकर पिकते म्हणून कुणी सुचवेल, पण तिच्यात आम्लच कमी. झिनफंडेल एका घडात बेदाणा आणि हिरवा मणी शेजारी-शेजारी देते, तुम्हाला तो अनुभव आधीच आहे. ग्रनाश ऊन सोसते, रंग फिकट, गुलाबी वाइनला बरी. रंगासाठी थोडे वेल लावायचे असतील तर पुसा नवरंग बघा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची जात, लवकर पिकते, गरही लाल. तिच्यापासून काढलेली मांजरी मेडिका रसासाठी आहे. पुण्याच्या आघारकर संस्थेची एआरआय ५१६ सुद्धा रसाचीच, छाटणीपासून ११० ते १२० दिवसांत तयार होते आणि रोगाला चिवट. कोरड्या वाइनच्या चवीला या तिन्ही शिराजच्या पंगतीत बसत नाहीत, पण घेणारा पाठ फिरवतो तेव्हा रस करून विकता येतो, हे २० गुंठेवाल्यासाठी लहान नाही.

कारण विक्री. दोन टनांतून फार तर १,२०० ते १,३०० लिटर वाइन होते. एवढ्यासाठी नाशिकच्या वाइनरीची गाडी इकडे येणार नाही. समृद्धी महामार्गामुळे पहाटे भरलेला माल त्याच दिवशी तिकडे पोचतो, पण भाव आणि पीएचची अट छाटणीच्या आधी बोलून, कागदावर घ्यायची. तोडणी पहाटे, क्रेट उथळ, ऊन चढायच्या आत गाडीत. घरीच वाइन करू म्हणाल, तर द्राक्षं पिकवायला परवाना लागत नाही, वाइन करायला लागतो. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि तो घरच्या बरणीलाही लागू होतो. राज्य उत्पादन शुल्क विभागात आधी चौकशी करा. शेजारचा वर्धा जिल्हा तर पूर्ण कोरडा, तिकडून गाडी नेताना पाहुणचार वेगळाच व्हायचा.

तुमच्या समोर सध्या उन्हाळा आहे, आणि पुढच्या वर्षीचा घड याच उन्हाळ्यात ठरतो. खरड छाटणीनंतर, म्हणजे तोडणीनंतरच्या उन्हाळी छाटणीनंतर, साधारण ४० ते ६० दिवसांत डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते. एप्रिलच्या मध्यावर छाटलं तर ते दिवस नेमके नवतप्याच्या आसपास येतात, पारा ४५ च्या वर. शिवाय उघडा पडलेला ओलांडा वरून भाजतो आणि त्या बाजूचे डोळे कायमचे मरतात. म्हणून तोडणी फेब्रुवारीत आटोपली की वेलाला पंधरा-वीस दिवस विश्रांती आणि थोडं पाणी-खत, मग मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खरड. मे उजाडेपर्यंत पानांची सावली ओलांड्यावर आलेली असते. यंदा तुमचा उशीर झालाच आहे, तर छाटल्या दिवशीच खोडाला आणि ओलांड्याच्या वरच्या अंगाला चुन्याचा दाट हात मारा, बोदावर (वेलांच्या ओळीतल्या वरंब्यावर) उसाचं पाचट किंवा सोयाबीनचं कुटार चार बोटं अंथरा, ठिबक रात्री चालवा. ओळीला ठिबकच्या दोन नळ्या (लॅटरल) असतील तर उत्तम. पश्चिमेच्या बांधावर झळा अडवायला शेवरी लावा, यंदा तात्पुरती हिरवी जाळी. विहिरीचं पाणी मेअखेर टिकणार नसेल तर संत्र्याला आणि द्राक्षाला दोघांनाही अर्धपोटी ठेवण्यापेक्षा काही ओळी बिनघडाच्या सोडलेल्या परवडतात. पावसाळ्यात काडी तांबूस-तपकिरी, बोटाने वाकवली तर करकरणारी व्हायला हवी. हिरव्या काडीवर सप्टेंबरची छाटणी चालत नाही. त्यासाठी जुलैपासून नत्र बंद, शेंडे मारलेले, मांडव मोकळा.

जनावरांचं एक राहिलं. रोही आणि रानडुकरं कुंपणाने आवरतात. वानरं आवरत नाहीत, आणि पोपट-बुलबुल पाणी उतरल्याच्या आठवड्यातच हजर होतात. जानेवारीत तुमचे वेल पिकत असतील आणि आजूबाजूला दुसरं काही गोड नसेल तर सगळा तालुका तुमच्याकडे जेवायला येतो. घडाच्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी जाळी पाणी उतरायच्या आधी लावा, नंतर नाही.

कॅबरनेचं माझं मत सरळ आहे: तिच्यावर शेनिन किंवा शिराज कलमाने भरून घ्या. सप्टेंबरात, पोळ्याच्या पुढेमागे, खोड दीड फुटावर कापून पाचर कलम करता येतं. मुळं तीन वर्षांची असल्याने पुढच्या वर्षी मांडव भरतो. कापायचा जीव होत नसेल तर मुरमाड टोकाकडच्या दोन ओळी राखा, त्या सप्टेंबरच्या मध्यावर छाटून वेलामागे दोनच किलो माल ठेवा, आणि पाणी उतरल्यापासून दर रविवारी १०० मण्यांचं वजन, ब्रिक्स आणि पीएच वहीत लिहा. १५ फेब्रुवारीला बी तपकिरी झालेली नसेल तर त्याही भरून टाका. शिराजच्या ज्या वेलांवर यंदा सगळ्यात जास्त हिरवे मणी होते त्यांना आत्ताच सुतळी बांधून ठेवा. पुढच्या वर्षी छाटणी बदलूनही तेच वेल मागे राहिले आणि त्यांची पानं कडेने खाली वळून लालसर होत असतील, तर तो लीफ रोल विषाणू असू शकतो. त्याला औषध नाही, तो वेल मुळासकट काढावा लागतो, आणि त्यावरून कलमाची काडी तर अजिबात घ्यायची नाही.